स्टायलस झिजलाय का, हे बघायला भिंग कोणतं घ्यावं?

स्टायलस म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची सुई, तिचं बहुधा हिऱ्याचं टोक रेकॉर्डच्या खाचेतून फिरतं. त्याची झीज कानाला कळते, पण उशिरा. झीज रोज थोडी थोडी होते आणि कानही रोज थोडा थोडा सरावतो. गाण्यातला 'स' आणि 'श' फिसकटायला लागतो, रेकॉर्डच्या बाजूवरचं शेवटचं गाणं चिरकायला लागतं, तोवर त्या स्टायलसनं बऱ्याच रेकॉर्ड खरवडलेल्या असतात. स्टायलस नवा आणता येतो, खरवडलेली रेकॉर्ड काही पुन्हा नीट होत नाही. शिवाय फिसकटण्याचं कारण दर वेळी झीजच असेल असंही नाही. कार्ट्रिज, म्हणजे स्टायलस ज्यात बसतो तो भाग, वाकडं बसलं असेल, टोकाला धूळ चिकटली असेल किंवा रेकॉर्डच आधीच्या मालकानं जड प्लेअरवर वाजवून वाजवून संपवली असेल, तरी आवाज असाच येतो. म्हणून डोळ्यांनी बघून घ्यावं.

भिंग शोधायला गेलं की आधी समोर येतात ते आकडे: ४०एक्स, १०००एक्स, १६००एक्स. त्यांच्या मागे लागू नका. झीज बघायला ६० ते १०० पट पुरे होतं. एवढं मोठं दिसूनही ती सापडत नसेल, तर बहुतेक वेळा उजेड चुकीच्या बाजूनं पडत असतो किंवा हात हलत असतो. त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील तर ते स्टँडवर आणि दिव्यांवर खर्चा.

नेमकं काय बघायचं आहे?

ऑडिओ-टेक्निका कंपनीची व्हीएम९५ मालिका हे उदाहरण घेऊ, कारण ही कार्ट्रिजं आपल्याकडे बऱ्याच जणांकडे आहेत. त्यातल्या व्हीएम९५सी या स्टायलसचं टोक साधं, शंकूसारखं. त्याची त्रिज्या ०.६ मिल. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, तेव्हा ही झाली साधारण १५ मायक्रॉन. व्हीएम९५ईचं टोक एलिप्टिकल, म्हणजे लंबगोल, ०.३ बाय ०.७ मिल, म्हणजे सुमारे ८ बाय १८ मायक्रॉन.

हे टोक खाचेच्या तळाला टेकत नाही. रेकॉर्डची खाच इंग्रजी 'व्ही'सारखी असते, तिच्या दोन भिंती एकमेकींशी ९० अंशांचा कोन करतात आणि टोक त्या दोन भिंतींवर दोन बिंदूंत टेकतं. झीज होते ती या दोन जागी. गोलाई घासली जाऊन तिथे सपाट पृष्ठं तयार होतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. ती वाढत गेली की त्यांच्या कडा धारदार होतात आणि हिरा पटाशीगत काम करायला लागतो.

ती किती मोठी दिसणार, हा साधा हिशोब आहे. नीट नजरेच्या माणसाला पंचवीस सेंटिमीटरवरून साधारण ०.१ मिलिमीटरचा तपशील दिसतो. समजा सपाट पृष्ठ १० मायक्रॉन रुंद आहे. दहापट भिंगातून ते ०.१ मिलिमीटरचं होईल, म्हणजे दिसलं तर दिसलं. साठपट केलं की ०.६ मिलिमीटर आणि शंभरपट केलं की पूर्ण एक मिलिमीटर. म्हणजे सोनाराच्या दहापट भिंगातून बघून 'स्टायलस ठणठणीत आहे' असं कुणी सांगत असेल, तर त्याला झीज दिसण्याची शक्यताच मुळात कमी आहे.

आधी तास मोजा

भिंग घेण्याआधी एक फुकटची सवय लावून घ्या: नवा स्टायलस बसवला की तारीख लिहायची आणि अंदाजे तास मांडत जायचे. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची धरली तरी चालतं. ऑडिओ-टेक्निका स्वतःच्या टोकांचं आयुष्य असं सांगते: शंकूसारखं ५०० तास, एलिप्टिकल ३००, शिबाटा ८००, मायक्रोलिनिअर १००० (ही शेवटची दोन म्हणजे आणखी अरुंद कडेची, खास घडवलेली टोकं). ऑर्टोफोन ही दुसरी कंपनी नीट निगा राखल्यास १००० तासांपर्यंत जाते. हे आकडे स्वच्छ रेकॉर्ड आणि नीट बसवलेलं कार्ट्रिज धरून आहेत. खाचेतली धूळ हिऱ्याला घासकागदासारखी लागते, तेव्हा न धुतलेल्या जुन्या रेकॉर्ड लावणाऱ्यानं निम्म्यावरच तपासणी सुरू करावी.

५०० तास ऐकायला फार वाटत नाहीत. एलपीच्या मधल्या भागात खाच टोकाखालून सेकंदाला साधारण ३६ सेंटिमीटर सरकते. त्या हिशोबानं ५०० तासांत हिरा सुमारे ६५० किलोमीटर घासला जातो. मुंबईहून निघून पणजी ओलांडून पुढे जावं एवढं अंतर, तेही दोन ग्रॅमच्या आसपास वजन घेऊन आणि सगळा भार त्या दोन बिंदूंवर!

कोणकोणती साधनं मिळतात?

दहापट लूप, म्हणजे डोळ्याजवळ धरायचं छोटं भिंग. सोनार आणि हिऱ्याचे व्यापारी वापरतात ते. झिजेसाठी हे कमी पडतं हे वर आलंच, तरीही घरात असावंच. टोकाला गुंडाळलेला धुळीचा बोळा, कॅन्टिलिव्हर (टोक ज्याच्या शेवटाला बसवलेलं असतं ती बारीक दांडी) वाकलेला, हिरा तिरका बसलेला किंवा गळूनच पडलेला, साफ करायच्या द्रवाचा वाळलेला थर, हे सगळं दहापटीत झटकन दिसतं आणि रोजच्या अडचणी बहुधा याच असतात. घेताना 'ट्रिप्लेट' मागा. त्यात तीन भिंगं एकत्र चिकटवलेली असतात, त्यामुळे कडेला रंगीत झालर येत नाही आणि सरळ रेघ वाकडी दिसत नाही. आलेखाचा कागद सोबत न्या आणि दुकानातच भिंगाखाली धरा. कडेच्या रेघा सरळ राहिल्या पाहिजेत.

लूपवर कोरलेला आकडा खरा आहे का, हेही तिथल्या तिथे कळतं. छतावरच्या ट्यूबलाइटचं बिंब भिंगातून बिलाच्या पाठीवर पाडा, ते स्पष्ट झालं की भिंगापासून कागदाचं अंतर मोजा आणि २५०ला त्या मिलिमीटरनं भागा. दहापट भिंगाचं अंतर २५ मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. आता ते '४०एक्स २५ मिमी' लिहिलेलं चकचकीत लूप घ्या. खरोखर चाळीसपट असेल तर बिंब सहा मिलिमीटरवर पडायला पाहिजे आणि २५ मिलिमीटर रुंदीच्या साध्या भिंगात ते जमणार नाही. मोजून बघितलंत तर आकडा कितीतरी खाली येईल.

वीस किंवा तीसपट लूप घेऊ नका. तीसपटीला भिंग टोकापासून जेमतेम आठ मिलिमीटरवर आणावं लागतं, डोळा भिंगाला टेकवावा लागतो, उजेड आपल्याच डोक्यानं अडतो आणि हात जरा थरथरला की कॅन्टिलिव्हरला धक्का. एवढं करून झीज अर्धवटच दिसणार. फक्त ७८ आरपीएमच्या विजेवरच्या प्लेअरसाठी याला थोडा अर्थ आहे, कारण त्या टोकाची त्रिज्या २.५ ते ३ मिल असते, एलपीच्या चौपट. तिथे ३०-४० पटीत भागतं.

खिशातला मायक्रोस्कोप. ६० ते १२० पट, प्लॅस्टिकचा, सोबत एक एलईडी. पट झिजेला पुरते आणि किंमतही आटोक्यात. अडचण अशी की त्याचा पारदर्शक तळ वस्तूवर टेकवून बघायचा असतो. नोट किंवा पान बघताना ठीक, स्टायलसवर तो टेकवणं म्हणजे कॅन्टिलिव्हर गेलाच. स्टायलसच्या दोन्ही बाजूंना त्याच्याहून किंचित उंच आधार ठेवा, दोन रबरी खोडरबरं चालतील, आणि तळ त्यांच्यावर टेकवा. हातात धरून बघू नका.

यूएसबी मायक्रोस्कोप. सगळ्यात जास्त फसवणूक इथे. '१०००एक्स' हा आकडा चित्र केवढ्या पडद्यावर दाखवलं यावर ठरवलेला असतो. पडदा मोठा केला की पटही वाढते, तपशील मात्र तेवढाच राहतो. मोजायचं कसं? सर्वात जास्त झूम करून स्टीलच्या पट्टीचा फोटो घ्या आणि एका मिलिमीटरच्या खुणांमध्ये किती पिक्सेल येतात ते बघा. हजाराच्या आसपास आले तर एक पिक्सेल म्हणजे एक मायक्रॉन. १० मायक्रॉनचं सपाट पृष्ठ दहा पिक्सेलचं होईल, काम चालेल. तीनशेच आले तर परत करा. विकत घेण्यापूर्वी विचारायचं असेल तर पट विचारू नका, 'पूर्ण झूमवर किती मिलिमीटर रुंदीचं क्षेत्र दिसतं?' असं विचारा. दीड-दोन मिलिमीटर हे उत्तर चांगलं. याचा मोठा फायदा म्हणजे फोटो साठवता येतात. मोठा तोटा म्हणजे भिंगाभोवतीचं एलईडीचं कडं, त्याबद्दल पुढे.

शाळा-कॉलेजचा मायक्रोस्कोप. माझं मत विचाराल तर कमी पैशांत सगळ्यात जास्त हेच देतं. अकरावी-बारावीला घेतलेला एखादा नातेवाइकांच्या माळ्यावर असतोच, नाहीतर अंबाल्यात बनलेले साधे मायक्रोस्कोप प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतात. दहापट आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि ४एक्स ऑब्जेक्टिव्ह (वस्तूकडचं भिंग) म्हणजे ४० पट, १०एक्स ऑब्जेक्टिव्ह म्हणजे १०० पट. १०एक्सच्या नळीवर बहुधा १०/०.२५ असं कोरलेलं दिसेल. दुसरा आकडा महत्त्वाचा: ०.२५ला साधारण १.३ मायक्रॉनपर्यंतचा तपशील सुटा दिसतो आणि २५० पटीच्या पुढे वाढवून नवीन काही हाती लागत नाही. तिसरं ऑब्जेक्टिव्ह, ४०एक्सचं, इथे वापरायचंच नाही. ते वस्तूपासून एका मिलिमीटरपेक्षाही जवळ आणावं लागतं, स्टायलसवर आदळणार हे नक्की.

स्टिरिओ मायक्रोस्कोप. विकत घ्यायला महाग, पण मोबाइल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात तो टेबलावरच असतो, बहुधा ७ ते ४५ पटीचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या ओळखीच्या दुकानात दुपारच्या निवांत वेळी स्टायलस घेऊन जा, दोन मिनिटं बघू देतात. पट थोडी कमी पडते, पण भिंग वस्तूपासून दहाएक सेंटिमीटर लांब राहतं. त्यामुळे ज्यांचा स्टायलस सुटा निघत नाही अशा मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजसाठी याच्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही.

उजेड कुठून पाडायचा?

आता मुख्य भाग. टोक भिंगाकडे करून, म्हणजे रेकॉर्ड जिथून बघते तिथून आपण बघतोय असं समजा. झिजलेली पृष्ठं तुमच्या नजरेशी ४५ अंशांनी कललेली आहेत. आरशाचा नियम लावा: ४५ अंशांत कललेल्या आरशातून उजेड डोळ्यात यायचा असेल तर तो बरोब्बर बाजूनं, नजरेशी काटकोनात यायला हवा. वरून, भिंगाच्या बाजूनं पडलेला उजेड त्या पृष्ठांवरून भलतीकडेच परावर्तित होतो. यूएसबी मायक्रोस्कोपचं एलईडीचं कडं वरूनच उजेड टाकतं, त्यामुळे पार झिजलेला स्टायलससुद्धा त्यात छान गोल दिसू शकतो.

म्हणून कडं बंद करा किंवा त्याच्या चाकानं अगदी मंद करा आणि दोन लहान टॉर्च घ्या. एक डावीकडून, एक उजवीकडून, टोकाच्याच पातळीत, कॅन्टिलिव्हरच्या लांबीशी काटकोनात. उजेड कॅन्टिलिव्हरच्या पुढून-मागून टाकलात तर एलिप्टिकल टोकाच्या पुढच्या-मागच्या मुद्दाम घासलेल्या बाजू चमकतील आणि कारखान्यातली घासणी तुम्ही झीज समजाल.

प्रत्यक्ष तपासणी

अॅम्प्लिफायर बंद करा. व्हीएम९५सारख्या कार्ट्रिजचा स्टायलस हातानं सुटा निघतो. पकडायचा तो प्लॅस्टिकला. काढण्याआधी प्लॅस्टिकच्या स्पिंडलकडच्या (रेकॉर्डच्या मधल्या खुंटीकडच्या) बाजूवर मार्करनं ठिपका द्या, पुढे उपयोगी पडेल.

मग सफाई. मऊ ब्रश मागून पुढे, कॅन्टिलिव्हरच्या दिशेनंच, आडवा कधीच नाही. हे टाळलंत तर धुळीचा तुकडा चमकून तुम्हाला चकवणार. साफ झालंय का ते दहापट लूपमधून बघून घ्या.

मुलांची खेळायची क्ले काचपट्टीवर लावा आणि स्टायलसचं प्लॅस्टिक तिच्यात उलटं बसवा, टोक वर. क्ले कॅन्टिलिव्हरच्या आसपासही यायला नको. स्टायलस हातात धरून १०० पटीत बघायचा प्रयत्न कुणी करू नये; चित्र जागेवर थांबतच नाही.

मायक्रोस्कोप असेल तर प्रयोगवहीतला जुना नियम पाळा: ४एक्स लावून, बाजूनं बघत बघत नळी खाली आणायची आणि मग आयपीसमधून बघताना फक्त वर न्यायची. टोक मध्यावर आणून फोकस झालं की १०एक्स फिरवा, तेही बाजूनं बघत, कारण ती नळी लांब असते. आयपीसमध्ये चित्र उलटं दिसतं, डावं-उजवंही बदलतं. तो ठिपका इथे कामाला येतो.

खोलीतला दिवा घालवा. आधी फक्त डावी टॉर्च, मग फक्त उजवी, शेवटी दोन्ही. टॉर्च थोडी वर-खाली करा, कारण चमक एका ठरावीक कोनातच पेट घेते.

नव्या शंकूसारख्या टोकावर प्रत्येक बाजूला टाचणीच्या टोकाएवढा प्रकाशबिंदू दिसतो आणि टॉर्च हलवली की तोही गोलाईवरून सरकतो. झीज सुरू झाली की बिंदूचा लंबगोल होतो. पुरता झिजला की स्पष्ट कडांचा चकाकता तुकडा दिसतो, टॉर्च हलवली तरी जागेवरून न हलणारा. कोन चुकला की एकदम विझणारा, जमला की एकदम पेटणारा. सरकणारी चमक म्हणजे गोलाई शाबूत आणि पेटणारी-विझणारी चमक म्हणजे सपाट पृष्ठ, ही खूण कुठल्याही मोजमापापेक्षा जास्त भरवशाची. तशी चमक दोन्ही बाजूंना ठळक कडांसह दिसली तर नवा स्टायलस मागवा, तोवर आवडत्या रेकॉर्ड लावू नका.

नव्या एलिप्टिकल टोकावर बिंदूऐवजी बारीक उभी रेघ दिसते. ती झीज नव्हे, ती टोकाची मूळची अरुंद कड. रेघ रुंद होऊन तिची पट्टी झाली की दखल घ्यायची.

मग समोरून आकृती बघा. स्टायलस आडवा करून, मागे पांढरा कागद ठेवून, पुढून बघितलं की टोकाची बाह्यरेषा दिसते. टोक गोल असेल तर ठीक. दोन सरळ उतार येऊन टोक अणकुचीदार झालं असेल तर ती दोन पृष्ठं एकमेकांना भेटायला निघालीत.

एकच बाजू जास्त झिजली असेल तर नुसता स्टायलस बदलून भागणार नाही. ठिपक्याकडची, म्हणजे स्पिंडलकडची बाजू जास्त घासली असेल तर अँटीस्केटिंग, म्हणजे आर्मला स्पिंडलकडे ओढणारा जोर तोलणारी योजना, कमी पडतंय असा अंदाज बांधा. उलट बाजू जास्त असेल तर ते जास्त झालंय. कार्ट्रिज एका अंगाला कललंय का, तेही समोरून बघा. वजनाचा तराजू असेल तर वजनही तपासा, व्हीएम९५ईला १.८ ते २.२ ग्रॅम चालतं, २ ग्रॅम योग्य.

फोन आयपीसवर धरून फोटो काढा आणि तारीख, तास लिहून ठेवा. खरं म्हणजे पहिला फोटो स्टायलस कोरा असतानाच काढायचा असतो, त्याच टॉर्च, त्याच जागा. मायक्रोलिनिअर किंवा शिबाटासारख्या टोकांना तर हाच एक मार्ग. व्हीएम९५एमएलची अरुंद बाजू फक्त ०.१२ मिल, म्हणजे तीन मायक्रॉन. घरगुती साधनाच्या अगदी काठावर. तिथे 'झिजलंय का' हे एका फोटोवरून ठरवता येत नाही, 'पहिल्यापेक्षा बदललंय का' एवढंच ठरवता येतं. बदल दिसला नाही तरी १००० तासांच्या पुढे ताणू नये.

जुन्या प्लेअरसाठी

चोरबाजारातून किंवा आजोबांच्या कपाटातून आलेल्या प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज आणि उलटसुलट फिरणारा दुतोंडी स्टायलस असतो, एक तोंड एलपीसाठी, दुसरं ७८साठी. दोन्ही तपासा. त्यात हिऱ्याऐवजी नीलम असण्याची शक्यता मोठी आणि नीलम हिऱ्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतं. किती वाजलाय हे माहीत नसलेला स्टायलस तपासेपर्यंत झिजलेलाच समजायचा, त्यावर एकही चांगली रेकॉर्ड लावायची नाही. चावीच्या ग्रामोफोनला मात्र या सगळ्याची गरज नाही. तिथे स्टीलची पिन एका बाजूला एक, वाजवून झाली की टाकून द्यायची.

मग घ्यायचं काय?

स्टायलस सुटा निघत असेल तर दहापट ट्रिप्लेट लूप आणि शाळेचा मायक्रोस्कोप, सोबत दोन टॉर्च. घरात मायक्रोस्कोपला जागा नसेल किंवा फोटोंची हौस असेल तर लोखंडी स्टँडचा यूएसबी मायक्रोस्कोप, पट्टीवर मोजून घेतलेला. सोबत येणारा डगमगता प्लॅस्टिकचा स्टँड जमेस धरू नका. मूव्हिंग कॉइलवाल्यांनी लूप घ्यावा आणि मोबाइलवाल्याशी ओळख वाढवावी.

आणि झिजलेला स्टायलस बदललात की जुना टाकून देऊ नका, डबीत जपून ठेवा. पुढे कुठलंही भिंग किंवा मायक्रोस्कोप विकत घ्यायच्या आधी हाच खाली धरून बघायचा. त्यातली झीज ज्या साधनातून दिसत नाही, ते साधन दुकानातच ठेवून या.